वाचकांचे प्रश्न : गवत ओळखायचे सांध्यावरून

गवताच्या ओळखीविषयी आलेल्या बहुतेक पत्रांसोबत छायाचित्रे होती, पण जवळजवळ सगळी उभ्या रोपाची, लांबून काढलेली. तेवढ्यावरून भरवशाचे उत्तर देता येत नाही. उंची, रंग आणि पात्याची रुंदी जमीन, खत आणि पाण्याप्रमाणे बदलतात. पाते खोडाला जिथे जुळते तो सांधा सहसा बदलत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा त्याच जागेकडे बोट दाखवले आहे.

भाताच्या रोपवाटिकेत पाखड हे तण उगवते आणि लावणीत रोपांबरोबर तेही लावले जाते. लोंबी आली की कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. आधी कसे ओळखावे? (रोहा)

गवताच्या पानाचे दोन भाग असतात. खालचा भाग खोडाभोवती गुंडाळलेला असतो, त्याला आवरण म्हणतात. वरचा मोकळा भाग म्हणजे पाते. वरून दुसरे, पूर्ण उघडलेले पान धरा, पाते हलकेच खोडापासून दूर ओढा आणि सांधा आतल्या बाजूने उजेडात बघा. भात असेल तर तिथे पांढरट, पातळ, टोकदार पापुद्रा दिसेल. तो बहुधा मधोमध चिरलेला असतो. ही जिव्हिका. शिवाय सांध्याच्या दोन्ही कडांना विळ्यासारखे वळलेले दोन बारीक केसाळ कान असतात.

पाखडाला यातले काहीच नसते. सांधा कोरा, फार तर एखादी फिकट रेघ. शास्त्रीय नावाने एकिनोक्लोआ कोलोना म्हणतात ते हेच, आणि त्याचा उंच वाढणारा भाऊबंद एकिनोक्लोआ क्रस-गॅली यालाही जिव्हिका नसते.

चूक होते ती तीन ठिकाणी. एक, फार लहान रोपावर परीक्षा घेतली जाते. भाताच्या पहिल्या पानाला पातेच नसते, तेव्हा तिथे जिव्हिका शोधून उपयोग नाही. निदान तीन पाने उघडू द्या. दोन, बुडाचे जुने पान बघितले जाते. भाताचे कान पान जुने झाले की गळतात आणि मग भातच तण म्हणून उपटले जाते. तीन, रंगावर विसंबले जाते. पाखडाच्या पात्यावर कधी कधी जांभळे आडवे पट्टे असतात हे खरे, पण ते प्रत्येक रोपावर नसतात, आणि भाताच्या काही वाणांचे बूडही जांभळटच असते.

रोप कोवळे असेल तर आणखी एक खूण हाती असते. मुळासकट अलगद उपटून माती धुवा. बी बहुधा अजून चिकटलेले सापडते. भाताचे टरफल लांबट आणि सहज दिसणारे, पाखडाचे बी त्यामानाने अगदी बारीक. लावणीपूर्वी मूठ बांधतानाच ही तपासणी करावी. एकदा चिखलात गेल्यावर हजार रोपांचे सांधे कोण बघणार?

एकिनोक्लोआच्या काही जाती भातासारख्या इतक्या हुबेहूब का दिसतात, यामागे माणसाचा हात आहे. पिढ्यान्‌पिढ्या बेणणी करताना वेगळी दिसणारी रोपे उपटली गेली आणि भातासारखी दिसणारी वाचली. वाचलेल्यांचेच बी पुढच्या वर्षी उगवले. ठेवण, उंची, पात्याचा कोन हे सगळे भाताकडे सरकत गेले, पण सांध्यावर जिव्हिका मात्र आली नाही.

एक सावधगिरी: जिव्हिका दिसली म्हणजे भातच, असे नव्हे. भातखाचरात वाढणाऱ्या इश्चेमम रुगोसम या गवताला जिव्हिका असते, मात्र त्याच्या पेऱ्यांभोवती केसांचे कडे असते. भाताचे पेरे गुळगुळीत असतात. लेप्टोक्लोआ या गवतालाही कागदासारखी फाटकी जिव्हिका असते, पण कान नसतात. म्हणून जिव्हिका, कान आणि पेरे अशी तिन्ही बघून मगच निर्णय घ्यावा.

आमच्याकडे देवभाताचा त्रास आहे. वरची कसोटी त्याला लागू पडेल का? (गोंदिया)

नाही. देवभात म्हणजे भाताचाच रानटी नातलग. त्याला जिव्हिका आणि कान दोन्ही असतात. लोंबी येण्याआधी सांध्यावरून ते वेगळे करता येत नाही आणि तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. लोंबी आली की दाण्यांना लांब कुसळे दिसतात, आणि दाणे पिकता पिकताच झडू लागतात. खरा घात इथेच होतो: तुम्ही कापणीला जाईपर्यंत बी जमिनीत पडलेले असते. म्हणून लोंबी बाहेर पडताच, दाणा भरण्याआधी ती रोपे काढून टाकावीत.

ओळीत लावणी केली तर ओळीबाहेरचे रोप संशयित धरता येते. पेरभात असेल तर जांभळ्या पानांचा वाण घ्यावा, म्हणजे हिरवे ते तण. श्यामला हा वाण त्याचसाठी तयार केलेला आहे. घरचे बियाणे राखताना मूठभर दाणे सोलून बघा. आतला तांदूळ लाल निघाला तर भेसळीची शंका घ्यावी, अर्थात तुमचा वाणच लाल तांदळाचा नसेल तर.

गणपतीत दूर्वा म्हणून बाजारात भलतेच गवत मिळते. खरी दूर्वा कशी ओळखावी? (पुणे)

दूर्वा म्हणजे हरळी. तिची जिव्हिका पापुद्र्याची नसून बारीक केसांची रांग असते. साध्या भिंगातून स्पष्ट दिसते. खोड जमिनीवर सरपटते, पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात. तुरा असेल तर एकाच बिंदूतून तीन ते सहा बारीक बोटे निघालेली असतात.

घोटाळा बहुधा दोन गवतांशी होतो. रान नाचणीचा बुंधा चपटा आणि पांढरट असतो, ती झुबक्याने वाढते. तिच्या तुऱ्याची बोटे जाड असतात आणि पुष्कळदा एखादे बोट इतरांच्या जरा खालून फुटलेले दिसते. दुसरे डॅक्टिलोक्टेनियम: त्याची बोटे आखूड, आडवी पसरलेली आणि प्रत्येकाच्या टोकाला उघडी नखी पुढे आलेली असते. ही खूण एकदा पाहिली की चूक होत नाही. बाकी, रस्त्याच्या कडेची किंवा तणनाशक फवारलेल्या बांधावरची दूर्वा खुडू नये.

लव्हाळा गवतच ना? गवतावरचे तणनाशक मारूनही तो जात नाही. (बारामती)

लव्हाळा गवत नाही, म्हणूनच जात नाही. फुलाचा दांडा चिमटीत फिरवून बघा: तीन धारा लागतात. तो आतून भरीव असतो, त्याला पेरे नसतात आणि पाने तीन रांगांत निघतात. गवताचे खोड गोल किंवा चपटे असते, त्याला पेरे असतात आणि पाने दोनच रांगांत असतात. क्विझालोफॉपसारखी तणनाशके फक्त गवतवर्गीय तणांवर चालतात. उपटून टाकला तरी खालच्या गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात.

नर्सरीतून आणलेला गवती चहा चहात कडवट लागतो. (ठाणे)

तो सिट्रोनेला असण्याची शक्यता जास्त. बुंध्याची आवरणे बघा: सिट्रोनेलाची तांबूस-जांभळट असतात, गवती चहाची हिरवट-पांढरी. पाने चोळून मुळीच वास आला नाही आणि मुळांना आला, तर तो वाळा.

मारवेल या चाऱ्याच्या गवताचे ठोंब लावायचे आहेत. माळावर ते नेमके कसे ओळखावे? (अहिल्यानगर)

मारवेलच्या पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. मात्र बोथ्रिओक्लोआ पर्टुसा या दुसऱ्या गवताच्या पेऱ्यांनाही केस असतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. त्याच्या कणसातली एक कणिशिका (कणसाचा सुटा बारीक घटक) भिंगाखाली धरली तर खालच्या तुसावर टाचणीने टोचल्यासारखा खळगा दिसतो. मारवेलला तो नसतो. कुसळी हे तिसरे गवत मात्र कोवळेपणीही कळते: आवरण चपटे, पाठीवर धार, पात्याचे टोक बोथट. तुरा आल्यावर तिची काळी, पीळदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, त्यामुळे चाऱ्यासाठी ती फुलण्यापूर्वीच कापावी.

ओळख पटवण्यासाठी नमुना कसा पाठवावा? (अनेक वाचक)

तुरा आलेले रोप मुळासकट खणा. जमिनीखालच्या भागाशिवाय अर्धी माहिती जाते. उंच गवत तोडू नका, व्हीच्या किंवा एनच्या आकारात दुमडून वर्तमानपत्राच्या घडीत दाबा आणि वर वजन ठेवा. सुरुवातीचे काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. सुकल्यावर जिव्हिका तुटते, म्हणून ताजे असतानाच सांध्याचे जवळून छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. चिठ्ठीवर गाव, तारीख, जमिनीचा प्रकार, पाणथळ की कोरडी जागा आणि स्थानिक नाव लिहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी वनस्पतिसंग्रह आहेत. नमुना पाठवण्यापूर्वी तिथली पद्धत विचारून घ्यावी.