मंदीत मालकाला काय दाखवाल? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सोलापुरातल्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात १४ वर्षं काढली. आधी विणकर, गेली सहा वर्षं जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारा). ऑर्डरी घटल्या आणि रात्रपाळी बंद झाली. शिक्षण दहावी. दुसरीकडे गेलं की ‘बायोडाटा ठेवून जा’ म्हणतात. त्यात लिहू तरी काय?
– एक वाचक, नीलम नगर

उत्तर : ‘१४ वर्षांचा अनुभव’ ही ओळ सगळ्यात वर असेल, तर मालक आधी पगाराचा हिशेब करतो : जुना माणूस, जास्त मागणार. वर्षं खाली जाऊ द्या, काम वर घ्या. हात आखडता असतो तेव्हा कारखान्याला तीन गोष्टी बोचतात. थांबलेला माग, सेकंडमध्ये (दुय्यम दर्जात) गेलेला माल आणि फुकट गेलेलं सूत. यातलं तुम्ही काय कमी केलंत, ते आकड्यात सांगा.

आकडा काढणं अवघड नाही. माग मिनिटाला १२० पिक (आडवे धागे) मारत असेल, तर आठ तासांत ५७,६०० पिक होतात. इंचाला ४० पिक धरले तर १,४४० इंच, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात २९ मीटर उतरत असेल तर कार्यक्षमता ७९ टक्क्यांच्या आसपास आली. आता लिहा : ‘१२ माग सांभाळतो. पाळीला मागामागे २५ मीटर उतरत होतं, ते २९ वर आणलं.’ पाळीला ४८ मीटर जादा, हे मालक मनातच मोजतो. आकडा मात्र खरा हवा. अजून कामावर आहात तोवर आठवडाभर वहीत टिपून ठेवा : कोणता माग किती मिनिटं थांबला आणि कशामुळे. उभा धागा तुटला, आडवा तुटला, बीमची (उभ्या धाग्यांच्या रुळाची) वाट पाहिली की यंत्रच बिघडलं? कारण माहीत नसलेला आकडा दुसऱ्या प्रश्नालाच गडगडतो.

दुसरी गोष्ट वजनाची. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा) टॉवेल साडेपाचशेच्या थोडा वर, ५६२ ग्रॅम भरायला हवा. तोच ५९० भरला तर नगामागे २८ ग्रॅम सूत जास्त गेलं. हजार टॉवेलांमागे २८ किलो! लूपची (टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांची) उंची वाढली की असं होतं, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. पाळीच्या सुरुवातीला दोन-तीन टॉवेल काट्यावर ठेवून पाहण्याची सवय तुम्हाला असेल, तर ती बायोडाटात यायलाच हवी. बहुतेक जण ती लिहीत नाहीत, कारण त्यांना ते कौशल्य वाटतच नाही.

मुलाखतीत ‘मला मागावर नेऊन बघा’ म्हणा. माग थांबून पुन्हा सुरू होताना कापडावर आडवी पट्टी का पडते, तेलाचा डाग कुठून येतो, हे तिथे उभं राहून दाखवलंत की दहावीचं कुणी विचारत नाही. दोन चुका टाळा. जुन्या कारखान्याचे नमुने किंवा गिऱ्हाइकाचे दर दाखवायला नेऊ नका. आज त्यांचं आणलं, उद्या आमचं बाहेर नेईल, असंच समोरचा समजतो. आणि साध्या मागावर काम केलं असेल तर ‘रॅपियर येतो’ (बिनधोट्याचा आधुनिक माग) म्हणू नका. ते दहा मिनिटांत उघडं पडतं.

प्रश्न : बी.कॉम. झाले, टॅलीचा कोर्स केला. अनुभव नाही. ‘टॅली, एक्सेल’ सगळेच लिहितात. वेगळं काय लिहू?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : टॅली येणं आता सायकल येण्यासारखं झालंय. छोट्या व्यापाऱ्याला पैसा अडकू न देणारी मुलगी हवी असते, म्हणून जीएसटीआर-२बी ची, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या सरकारी यादीची, आपल्या खरेदीशी जुळवणी शिका आणि तीच दाखवा. दरमहा विवरण भरणारे पुरवठादार ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरतात, १४ ला २बी तयार होतं आणि २० पर्यंत ३बी (कर भरण्याचं विवरण) भरायचं असतं. म्हणजे जुळवणीला हातात जेमतेम पाच-सहा दिवस. खरेदीची वही एक्सेलमध्ये घ्या आणि जीएसटी क्रमांक, बिल नंबर, रक्कम या तिन्हींवर ताडून पाहा. घोळ बहुतेक ठरलेलेच : एकाने ‘०१२’ लिहिलं, दुसऱ्याने ‘१२’, पुरवठादार तिमाही विवरण भरतो, बिल महिनाअखेरचं आणि माल पुढच्या महिन्यात आला. एक लाखाच्या सुती धाग्यावर ५ टक्क्यांनी ५,००० रुपये कर. बिल २बी मध्ये दिसलं नाही तर तेवढं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) लटकतं.

घरी बसून ३० काल्पनिक बिलं तयार करा, त्यात मुद्दाम पाच चुका पेरा, जुळवणी करून एका पानावर छापा. कोणत्या पुरवठादाराला काय कळवायचं, तेही त्याच पानावर. मुलाखतीत ते पान पुढे सरकवा. अनुभव नाही, हा मुद्दा बराचसा तिथेच मिटतो.

जमलं तर आयकरातला लहान उत्पादकांच्या बिलांचा नियम (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) वाचून जा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असल्यास ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकवलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो. सोलापुरात लहान विणकरांकडून माल घेणारे पुष्कळ आहेत. मार्चअखेर ही यादी काढून देणारी मुलगी त्यांना स्वस्तच पडते.

प्रश्न : वडिलांच्या आजारपणात तीन वर्षं नोकरी सुटली. तेवढ्यात घरी गणवेश शिवून दिले. ही मधली वर्षं लपवावीत का?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : नाही. एक ओळ पुरे : ‘घरच्या आजारपणामुळे घरी, या काळात नगावर गणवेश शिलाई.’ पुढे आकडे लिहा : कोणती मशीन, दिवसाला किती शर्ट, शंभरातले किती परत आले. कॉलर आणि बाही जोडता येते की फक्त सरळ शिलाई, हे स्पष्ट करा, कारण दर त्यावरच ठरतो. आणि मे महिन्यात विचारायला जाऊ नका. शाळा जूनमध्ये उघडतात, तोवर बराच माल शिवून बाहेर पडलेला असतो.

प्रश्न : तेलुगू आणि कन्नड येतं. ते लिहायचं का?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : अर्थात, आणि छंदांच्या रकान्यात नव्हे, कामाच्या. ‘कारागिरांना तेलुगूत काम समजावतो’, ‘विजयपूर-कलबुर्गीच्या दुकानदारांची ऑर्डर फोनवर कन्नडमध्ये घेतो’, असं लिहा. नुसतं बोलता येत असेल तर ‘वाचता येत नाही’ हेही लिहा. पहिल्याच दिवशी कन्नड बिल हातात दिलं, तर पंचाईत व्हायला नको.