बारा खोकी

मावशी, गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डर देतो त्या भाड्यात तिथे घर मिळेना, म्हणून मे महिन्यात ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत आलो, १४व्या मजल्यावर. नवरा, चौथीतला मुलगा, सासूबाई आणि मी. टेम्पोवाल्याने ठरलेल्या १८ हजारांचे गेटवर २६ केले. सहानंतर सर्व्हिस लिफ्ट बंद, त्यामुळे सामान रात्रभर पार्किंगमध्ये पडलं. सासऱ्यांच्या पेटीचा भाता फाटला. दोन महिने झाले, अजून बारा खोकी उघडलेली नाहीत. सासूबाई सवयीने दार सताड उघडं टाकून बसतात, तर समोरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया मुख्य दार बंद ठेवावे’ असं टाकलं. रात्रभर ट्रकचे आवाज. दर रविवारी मी गिरगावला जाते, पत्र्याच्या कुंपणापाशी उभी राहते आणि परत येते. तीन वर्षं इथे कशी काढू?
— चाळकरीण

अगं चाळकरणी,

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? टेम्पोवाला नाही, समोरची बाईही नाही. ती बारा खोकी. तीनच वर्षांचा प्रश्न आहे, कशाला उघडायची, असं तुझं चाललंय. बिल्डरची तीन वर्षं किती वर्षांची असतात हे गिरगावातल्या माणसाला मी काय सांगणार! पण धरून चालू की अगदी तीनच. तुझा चौथीतला मुलगा तोवर सातवीत जाईल. तुझ्यासाठी ही मधली वर्षं असतील, त्याचं मात्र ते अख्खं बालपण आहे. त्याचे सगळे मित्र घोडबंदरचे असतील आणि तू अजून पुठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीकडे बघत बसलेली असशील.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. १९८७ साली साताऱ्याहून मुलुंडला आले तेव्हा ‘ह्यांची बदली होईल परत’ म्हणून पितळेची भांडी दोन वर्षं गोणपाटात बांधून पलंगाखाली ठेवली होती. बदली झाली नाही. भांडी काढली तेव्हा सगळी काळवंडलेली, कल्हईवाला शोधत फिरावं लागलं. शिवाय तुझी खोकी पुठ्ठ्याची आणि आता जुलै आहे. येऊरच्या डोंगरपायथ्याची ओल काय असते ते आत हात घातलास की कळेल. कपड्यांचं आणि पुस्तकांचं खोकं आधी फोड. रोज एक. बाराव्या दिवशी रद्दीवाल्याला हाक मार.

आता ती टेम्पोची रात्र. मला वाटतं, त्या माणसाचा राग तू अख्ख्या कासारवडवलीवर काढते आहेस. रागाची जागा वेगळी कर. ठरलेल्या रकमेचे मेसेज, पैसे दिल्याची नोंद, मोडलेल्या सामानाचे फोटो एकत्र करून कंपनीला लेखी पाठव. उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. पैसे मिळतीलच असं नाही, पण ते प्रकरण एका फाइलमध्ये जाईल आणि तुझ्या डोक्यातून उतरेल. जाता जाता, भाडेकरार नोंदणीकृत आहे ना ते बघ. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. गॅस, आधार, शाळा, सगळीकडे तोच कागद मागतात.

पेटी मात्र आधी. दादरला पेटी दुरुस्त करणारे आहेत, भाता नवा बसवून मिळतो. पुढच्या रविवारी पत्र्याच्या कुंपणाकडे जायच्याऐवजी नवऱ्याला घेऊन तिकडे जा. सासऱ्यांची पेटी फाटक्या भात्यानिशी कोपऱ्यात पडलेली असताना सासूबाईंचं मन त्या घरात रमेल, ही अपेक्षाच चूक.

त्या दाराचं काय करायचं? ज्या बाईचं उभं आयुष्य कॉमन गॅलरीत गेलं, तिला बंद दारामागे बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच की! कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा कुकर तिसऱ्या शिट्टीवर अडकला, सगळं बसल्याजागी कळायचं. म्हणून दार बंद करू नकोस. आतलं लाकडी उघडं ठेव, बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर लाव, नसेल तर घरमालकाला विचारून बसवून घे. वारा येईल, माणसं दिसतील, आणि ग्रुपवर लिहायला कुणाला काही उरणार नाही. चपलांचं स्टँड लॉबीत ठेवलं असशील तर ते तेवढं आत घे. संध्याकाळी पाऊस उघडला की सासूबाईंना खाली पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवर, नेऊन बसव. तिथे आज्ज्यांचा एक बाक असतोच. आठ दिवसांत कुठला भाजीवाला नीट मोजतो आणि कुणाच्या सुनेचं पटत नाही हे त्या तुला सांगतील.

ट्रक थांबणार नाहीत गं. रात्री अवजड वाहनांचा तोच रस्ता आहे गुजरातकडे जायचा, आणि वर मेट्रोचं काम. झोपायच्या खोल्या बदलून बघ. रस्त्याकडच्या खोलीत कपाटं आणि अभ्यासाचं टेबल, झोपणं आतल्या बाजूला. माणसं आल्या दिवशी पलंग जिथे टेकला तिथेच वर्षानुवर्षं झोपतात, का कुणास ठाऊक.

गिरगाव सोडू नकोस. गणपतीत सगळ्यांनी जायचं, त्यात चर्चा नाही. पण दर रविवारी जाऊन पत्रे बघण्याने काय मिळतं? महिन्यातून एकदा जा आणि माणसांना भेटायला जा. चाळीतली बाकीची बिऱ्हाडंही अशीच कुठे कुठे पांगली असतील. उरलेल्या एखाद्या रविवारी काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात नाटक बघ. गिरगावातल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहाइतकं ते हाकेच्या अंतरावर नाही, रिक्षा करावी लागेल, पण तुझ्याच घोडबंदर रोडच्या बाजूला आहे.

राहता राहिल्या समोरच्या बाई. तू त्यांच्याकडे काही घेऊन जाशील, असा मला संशय आहे. लाडू, चकल्या, असलं काहीतरी. नको. त्यांना ते माफी मागितल्यासारखं वाटेल आणि तुला हरल्यासारखं. उलट काहीतरी मागायला जा. एवढ्या धावपळीत तुझं विरजण काही गिरगावातून आलं नसणार. बेल वाजव आणि म्हण, ‘चमचाभर विरजण आहे का हो?’ कदाचित त्या पिशवीतलंच दही आणत असतील, मग दोघी हसाल. असलं, तर देतीलच. विरजणाला नाही म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. फक्त आपली वाटी नेऊ नकोस. त्यांच्याच वाटीत घे. म्हणजे ती परत करायला जावं लागेल, आणि वाटी रिकामी परत करायची नसते हे चाळीत वाढलेल्या मुलीला मी काय सांगू.

तुझी,
मावशी