घर्षणाची वीज मोबाईलला पुरेल?

प्रश्न: प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलं की थंडीत कधीकधी चटका बसतो, ती वीज साठवून मोबाईल चार्ज होईल का हो? इकडे वादळात लाईट जातेच. — एक वाचक, देवगड

उत्तर: वीज मिळते, पण अगदीच चिमूटभर. २०१२ मध्ये अमेरिकेत झोंग लिन वांग यांच्या टीमने असा जनरेटर दाखवला. टेफ्लॉन नि नायलॉन टेकवून सुटे केले की एकावर निगेटिव्ह, दुसऱ्यावर पॉझिटिव्ह चार्ज राहतो आणि मागे लावलेल्या धातूच्या पट्ट्यांतून करंट वाहतो. व्होल्टेज शेकड्यांत जातं, करंट मात्र मायक्रोअँपिअरमध्ये (अँपिअरचा दहा लाखावा भाग), म्हणजे एलईडी लुकलुकेल, मोबाईल विसरा! त्यात आपली दमट हवा, चार्ज टिकतच नाही, जुलैत तुम्हाला चटका बसतो का सांगा. आत असाच जनरेटर बसवलेल्या, लाटांवर हलणाऱ्या सीलबंद चेंडूंचे प्रयोग चालू आहेत, ते मला जास्त पटतात. तोवर पॉवर बँक भरून ठेवा.