पेचाचे आटे आधी बघ

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. जपानमधल्या कुनितोमो आणि साकाई इथल्या बंदुका घडवणाऱ्या लोहारांवर काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की तोकुगावांच्या राजवटीत, म्हणजे एदो काळात, शांतता आली आणि ही कारागिरी मेली. ते वाक्य सध्या बाजूला ठेव. ऐकायला ते छान वाटतं, म्हणूनच त्याची मला भीती वाटते.

आधी वस्तू बघ. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांकडून दोन बंदुका विकत घेतल्या गेल्या, ही गोष्ट तुला माहीत आहेच. तिथल्या लोहारांना नळी जमली. लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवून जोड मारायचा, चांगल्या नळीवर दुसरी पट्टी तिरकी गुंडाळून पुन्हा जोड मारायचा. हे काम त्यांच्या हातातलंच होतं. अडलं ते नळीच्या मागच्या तोंडाशी. ते पेचाने (स्क्रूने) बंद करतात, म्हणजे उघडून काजळी साफ करता येते. पण नळीच्या आत आटे पाडायचे कसे, हे तिथे कुणाला येत नव्हतं. आणि पेच सैल राहिला तर भडका थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर, कारण ही बंदूक खांद्याला न टेकवता गालाशी धरतात. पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराकडून ती विद्या मिळाली, असं 1606 चा वृत्तान्त सांगतो. नंतरची एक रीत अशी: कानशीने घासून पेच तयार करायचा, तो तापलेल्या नळीत घालायचा आणि बाहेरून ठोकायचं, की आतल्या लोखंडावर आटे उठतात. संग्रहालयात पेच काढलेली एखादी नळी दाखवायला तयार झाले, तर तिथे बॅटरी धरून सावकाश बघ. हाताने उठवलेले आटे आणि यंत्राने कापलेले आटे यांत फरक करायला शिकलास, तर तुझं निम्मं काम झालं.

मग पैशाकडे वळ. कारागिरी टिकते ती मागणीवर. कुनितोमोची सगळी भिस्त शोगुनच्या, म्हणजे तोकुगावा राज्यकर्त्याच्या, कामावर. ते आटलं तसं गाव हलाखीत गेलं. साकाईचं तसं झालं नाही. तिथल्या लोहारांची गिऱ्हाइकं देशभरातली सरदार घराणी होती. साकाईत इनोउए सेकिएमोन या घराण्याचा जुना वाडा आजही उभा आहे, आणि त्यातून वीस हजारांहून जास्त कागद निघाले. त्यांवरून दिसतं की एदो काळाच्या उत्तरार्धात धंदा उलट वाढत होता. तुझ्या पहिल्या पानाला या कागदांनी उत्तर दिलेलंच आहे. खरा घाव बसला तो नंतर, मागून गोळी भरायच्या परदेशी रायफली आल्या तेव्हा. 1880 मध्ये जपानने स्वतःची मुराता रायफल सैन्यासाठी स्वीकारली. ती सरकारी कारखान्यात यंत्रांवर बनू लागली. तिथे घरच्या भात्याचं काय काम?

कुनितोमो गावचाच बंदुका घडवणारा लोहार कुनितोमो इक्कानसाई (1778–1840) याच्यासाठी मात्र भरपूर वेळ राखून ठेव. मला हा माणूस फार मोठा वाटतो. बापाकडून मुलाकडे तोंडी जाणारी बंदूक घडवण्याची रीत त्याने आकृत्यांसह लिहून ठेवली. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक केली. पुढे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासून परावर्ती दुर्बीण बनवली आणि 1835 पासून वर्षभराहून अधिक काळ सूर्यावरच्या डागांची चित्रं काढून ठेवली. नळी सरळ घासणारा हातच तो. कारागिरी बुडाली की हात लगेच रिकामे होत नाहीत, हे तुझ्या प्रबंधात यायला हवं.

साकाईत तुला सांगतील की बंदुका करणाऱ्यांचंच कसब पुढे सायकलींच्या धंद्यात उतरलं. सायकलींचे भाग बनवणारी शिमानो कंपनी 1921 मध्ये याच शहरात सुरू झाली, हे खरं. पण अमुक घराण्यातला अमुक लोहार सायकलीकडे वळला, असा कागद हाती येईपर्यंत 'म्हणतात' एवढंच लिही.

आणि गोवा विसरू नकोस. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याने 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं की गोव्याचे कारागीर युरोपातल्या बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात. जपानी बंदुकीच्या घडणीचं मूळ गोवा-मलाक्का भागात आहे, असं काही अभ्यासक मानतात. आपल्या त्या लोहारांचं नावही उरलेलं नाही, कारण त्यांच्यात कुणी इक्कानसाई झाला नाही; याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून निघण्याआधी आपल्याकडच्या एकदोन संग्रहालयांत परवानगी काढ, तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) जुन्या बंदुकांची मागची तोंडं कशी बंद केली आहेत ते मोजमापासह टिपून घे, आणि ती वही जपानला सोबत ने. पेचाशेजारी ठेवायला काहीतरी हवं.

परवानगीचा अर्ज लिहिलास की मला दाखव.

तुझा,
सर