गर्दी नेमकं कोण चालवतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जाळ्यांच्या विज्ञानावर, म्हणजे नेटवर्क सायन्सवर लिहिलं होतं (कोण कोणाला जोडलंय त्यावरून गर्दी, अफवा, गाड्या कशा चालतात याचा अभ्यास, तो फिजिक्सवालेही करतात), त्यावर खान्देशातून बरीच पत्रं आणि मेसेज आले. त्यातले चार प्रश्न इथे घेतोय. एकाला जागा जास्त दिलीये कारण तो प्रश्नच तेवढा मोठा आहे.

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. फिजिक्सला आहे. माणसं काय अणू-रेणू आहेत का? समाजाचा अभ्यास सोशॉलॉजीवाल्यांनी करावा, फिजिक्सचा तिथे काय संबंध?
(एक विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : माणूस म्हणजे अणू नाही हे शंभर टक्के मान्य, आणि एकटा माणूस उद्या काय करेल हे फिजिक्स सांगतही नाही. पण तू आयसिंग मॉडेल, म्हणजे चुंबकाचं साधं गणिती चित्र, शिकला असशीलच. त्यातले स्पिन म्हणजे वर किंवा खाली तोंड केलेली छोटी छोटी चुंबकं. प्रत्येक स्पिन फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे बघतो, बाकी दुनियेची त्याला खबर नसते. 1925 मध्ये आयसिंगने हे स्पिन एका ओळीत मांडून हिशोब केला तर सगळे एका दिशेला वळून मोठं चुंबक काही तयार झालं नाही, तापमान कितीही कमी करा. तेच स्पिन सपाट जाळीवर मांडले की ठराविक तापमानाखाली सगळे एका दिशेला वळतात, हे ऑन्सागरने 1944 ला पूर्ण गणित सोडवून दाखवलं. म्हणजे बघ, कण तेच, नियम तोच, फक्त कोण कोणाला जोडलंय ते बदललं आणि निकालच बदलला. फिजिक्सवाले समाजाकडे येतात ते एवढंच हत्यार घेऊन, पण हत्यार जबरदस्त आहे. 2021 चं फिजिक्सचं नोबेल ज्यांना मिळालं त्यातले जॉर्जो पारिसी रोमच्या आकाशातल्या पक्ष्यांच्या थव्यांवरही काम करतात, तेव्हा बिनधास्त ये या विषयात.

प्रश्न : 1 जुलै 2018 ला आमच्या तालुक्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही. इकडची माणसं मी ओळखतो हो, दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मग असं कसं झालं?
(एक निवृत्त शिक्षक, साक्री तालुका)

उत्तर : गुरुजी, आधी एक स्पष्ट सांगतो, पुढे जे गणित येतंय ते कुणाला माफी द्यायला नाही, ज्याने हात उचलला गुन्हा त्याचाच. पण "इतकी वाईट माणसं एका जागी जमली कशी" असं आपण विचारतो ना, तिथेच आपली दिशा चुकते.

1978 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक साधा हिशोब मांडला. समजा चौकात शंभर जण उभे आहेत. प्रत्येकाची एक मर्यादा आहे, म्हणजे आपल्या आधी किती जण पुढे झाले की हा पण पुढे होणार. एकाची मर्यादा शून्य, तो कुणाची वाट बघत नाही. दुसऱ्याची एक, तिसऱ्याची दोन, असं करत करत शेवटच्याची नव्याण्णव, म्हणजे अठ्ठ्याण्णव जण तुटून पडले तरी हा आपला बाजूला उभा राहील असा माणूस. आता पहिला सुटला की त्याला बघून दुसरा, दोघांना बघून तिसरा, आणि बघता बघता शंभरच्या शंभर सुटतात, तो नव्याण्णववाला सुद्धा. आता यातला फक्त एकच माणूस बदला, ज्याची मर्यादा एक होती त्याची दोन करा. पहिला दगड उचलतो, बाकीचे नुसते बघतात, विषय तिथेच संपला. दोन्ही गर्दीतली नव्याण्णव माणसं तीच आहेत! पेपरात मात्र एकीकडे गाव पेटल्याची बातमी येईल आणि दुसरीकडे एका माथेफिरूला पकडल्याची. त्यामुळे गर्दीने काय केलं यावरून त्यातल्या एकेकाचा स्वभाव काढता येत नाही, आणि माणसं चांगली आहेत म्हणून गर्दी चांगलंच वागेल असंही धरून चालता येत नाही, मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता अफवेचं बघा. डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी या समाजशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवलं की बातमी पसरणं वेगळं आणि कृती पसरणं वेगळं. बातमी कळायला एकाने सांगितलं तरी पुरतं, पण त्यावर काही करायचं म्हटलं तर माणूस दोन-चार जणांकडून खात्री करून घेतो. पूर्वी ती खात्री खरोखरच्या वेगवेगळ्या माणसांकडून व्हायची. आता तोच मेसेज भाऊबंदांच्या ग्रुपवर, तोच मंडळाच्या ग्रुपवर, तोच दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि वाचणाऱ्याला वाटतं चार ठिकाणांहून कळलं म्हणजे खरंच असणार. मूळ एकच असतं, तेही कुणाला माहीत नसतं. आणि हे महिनाभर चाललेलं असलं की बाजाराच्या दिवशी गर्दीत उभ्या असलेल्या प्रत्येकाची मर्यादा आधीच खाली आलेली असते.

राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले असं कंपनीने नंतर सांगितलं. यामागचं गणित साथीच्या रोगाचंच आहे, एकाकडून सरासरी एकापेक्षा जास्त जणांकडे गेलं तर पसरत जातं, एकापेक्षा कमी झालं की आपोआप विझतं. आणि चौकातलं म्हणाल तर जोर लावायचा तो सुरुवातीलाच. पन्नास जण सुटल्यावर सरपंच येऊन ओरडले तरी उपयोग नाही, पण दुसराच माणूस जर "थांबा, आधी पोलिसांना फोन लावू" म्हणाला तर पुढची साखळीच तुटते.

प्रश्न : भुसावळला ब्लॉक घेतला की पार नागपूरपासून मुंबईपर्यंत गाड्यांचा बोऱ्या वाजतो. हे पण याच गणितात बसतं का?
(एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : बसतं दादा. आल्बर्ट, जेओंग आणि बाराबाशी या फिजिक्सवाल्यांनी 2000 मध्ये दाखवलं की जाळ्यातल्या थोड्याच गाठींना (म्हणजे स्टेशनांसारख्या जोडणीच्या जागांना) खूप धागे असतील तर कुठलीही ऐरीगैरी गाठ सुटली तरी जाळं टिकतं, मोठ्या गाठी सुटल्या की मात्र तुकडे पडतात. रुळांचं जाळं तेवढं टोकाचं नसतं, एका स्टेशनातून फुटून फुटून लाईनी फुटणार किती? पण गाड्यांच्या हिशोबाने बघितलं, म्हणजे एकच गाडी जिथे जिथे थांबते ती सगळी स्टेशनं एकमेकांना जोडलेली धरली, तर चित्र पालटतं. कोलकात्याच्या फिजिक्सवाल्यांनी 2003 मध्ये भारतीय रेल्वेचा असा अभ्यास केला, त्यात देशातली कुठलीही दोन स्टेशनं सरासरी दोन-तीन गाड्यांत जोडली जातात असं निघालं. ही जवळीक जंक्शनांमुळे मिळते आणि उशीरही त्याच वाटेने पसरतो.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे. लसीकरणाचा दिवस सगळ्या पाड्यांवर सांगायला मी एकटी पुरत नाही. आधी कोणाला सांगू, सरपंचांना की घरोघरी?
(एक ताई, धडगाव)

उत्तर : ताई, सरपंचांना सांगाच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक पाड्यावर चार-पाच बायांना सरळ विचारा, "इथे एखादी गोष्ट कोणाला सांगितली की सगळ्यांना कळते?" दोन-तीन नावं परत परत येतील, ती तुमची माणसं. हरियाणातल्या 521 गावांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून बघितलंय. लोकांनी सुचवलेल्या अशा माणसांना लसीकरणाची माहिती दिली तिथे, कोणालाही उचलून माहिती दिली त्या गावांपेक्षा, दर महिन्याला 22 टक्के जास्त पोरांना लस मिळाली. गावाचं जाळं गावालाच पाठ असतं, नकाशा काढत बसायची गरज नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, तारीख कळवायला अशी एक बाई पुरते, पण जी घरं लसीला घाबरतात तिथे एकीने सांगून भागत नाही. सेंटोलाने 2010 मध्ये इंटरनेटवर एक प्रयोग केला, आरोग्याची एक सवय लोक उचलतात का ते बघायला. जिथे ओळखीतल्यांच्या पण आपसात ओळखी होत्या तिथे 54 टक्के लोकांनी ती उचलली, विस्कळीत जाळ्यात 38 टक्क्यांनीच. म्हणून घाबरणाऱ्या घरात जाताना त्यांच्याच नात्यातल्या, त्यांच्याच पाड्यावरच्या दोघी-तिघी बरोबर न्या, ज्यांच्या पोरांना लस देऊन झालीये अशा.