वाचकांचे प्रश्न : क्रेमलिनची रिकामी खुर्ची कोणाला, हे ठरायचं कसं?

प्रश्न : 1982 ते 1985 या अडीच वर्षांत सोव्हिएत संघाचे तीन सर्वोच्च नेते, ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को, पदावर असतानाच वारले. इतक्या आजारी माणसांना निवृत्त का करता आलं नाही? पक्षाच्या नियमांत मुदतीची अट नव्हती का?

उत्तर : अट होती, ती काढून टाकली गेली. 1961 मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या बाविसाव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे महाअधिवेशनात, तेव्हाचे पक्षप्रमुख ख्रुश्चॉव्ह यांनी नियम करून घेतला, की दर निवडणुकीत मध्यवर्ती समिती आणि तिच्या अध्यक्षमंडळाचे किमान एक चतुर्थांश सदस्य बदलावेत आणि अध्यक्षमंडळावर सहसा कोणी लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा राहू नये. ऑक्टोबर 1964 मध्ये ख्रुश्चॉव्ह यांनाच हटवलं गेलं. 1966च्या तेविसाव्या काँग्रेसने हे आकडे नियमांतून वगळले. अध्यक्षमंडळाला, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाला, पॉलिटब्युरो आणि पक्षप्रमुखाला सरचिटणीस ही जुनी नावंही तेव्हाच परत आली.

ख्रुश्चॉव्ह यांच्या जागी आलेल्या ब्रेझनेव्ह यांचा कारभार एकाच तत्त्वावर चालला : कोणाला हलवायचं नाही. 1981च्या काँग्रेसने आधीचाच पॉलिटब्युरो जसाच्या तसा पुन्हा निवडला. वरची माणसं हलत नव्हती, म्हणून खालचीही वर सरकत नव्हती. शिवाय गाडी, दाचा (शहराबाहेरचं घर), खास दुकानं, खास रुग्णालय, सगळं पदाला बांधलेलं. माणूस पायउतार झाला की त्याच्या आधारावर मोठे झालेले डझनावारी अधिकारीही उघडे पडत. त्यामुळे थकलेल्या नेत्याला स्वतःला जावंसं वाटलं, तरी भोवतालची मंडळी जाऊ देत नसत. माजी नेत्याचं काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं : ख्रुश्चॉव्ह 1971 मध्ये वारले तोवर पाळतीखाली जगले आणि क्रेमलिनच्या भिंतीशी त्यांना दफनासाठी जागाही मिळाली नाही.

प्रश्न : मग उत्तराधिकारी प्रत्यक्षात ठरायचा कसा?

उत्तर : कागदोपत्री सरचिटणीस मध्यवर्ती समिती निवडायची. प्रत्यक्षात काही तासांत, मोजक्या माणसांत निकाल लागायचा आणि समिती हात वर करायची.

पहिली चाळणी पदांची. उमेदवार पॉलिटब्युरोचा पूर्ण सदस्य हवा आणि त्याच वेळी मध्यवर्ती समितीचा सचिवही हवा. पक्षाची यंत्रणा, म्हणजे नेमणुका, बढत्या, बदल्या, सचिवालयाच्या हातात असल्यामुळे दुसरी अट निर्णायक ठरायची. म्हणूनच 25 जानेवारी 1982 रोजी ज्येष्ठ सचिव सुस्लोव्ह वारल्यावर आंद्रोपोव्ह यांनी पंधरा वर्षं सांभाळलेली केजीबी ही गुप्तचर संस्था सोडली आणि मे महिन्यात ते सचिवालयात आले. केजीबीच्या खुर्चीतून थेट वर जाता येत नव्हतं. मार्च 1985 मध्ये या दोन्ही अटींत बसणारे दोघेच उरले होते : गोर्बाचेव्ह आणि रोमानोव्ह. ग्रिशिन यांचं नाव बाहेर फार घेतलं जाई, पण ते मॉस्को शहर पक्षाचे प्रमुख होते, मध्यवर्ती समितीचे सचिव नव्हते. सत्तेची शर्यत समजून घ्यायची ती या अटींपासून.

दुसरी पायरी अंत्यविधी समितीची. तिचं अध्यक्षपद ज्याला मिळेल, त्याच्या हाती सत्ता आली असं समजायचं. आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को, गोर्बाचेव्ह, तिघांच्याही बाबतीत हे खरं ठरलं. तिसरी पायरी नाव सुचवण्याची. यात हरलेल्यालाही सामील करून घेत : 12 नोव्हेंबर 1982 रोजी मध्यवर्ती समितीत आंद्रोपोव्ह यांचं नाव मांडलं ते प्रतिस्पर्धी चेर्नेन्को यांनीच.

यात अडचण यायची ती आजारपणात. उपसरचिटणीस असं पदच नव्हतं. ‘दुसरा सचिव’ म्हणत ती फक्त पक्षातली रूढी. नेता मेला तर यंत्रणा दोन दिवसांत कामाला लागायची. नेता जिवंत पण अंथरुणाला खिळलेला असेल, तर ती थांबूनच राहायची.

प्रश्न : आंद्रोपोव्ह यांचा कल गोर्बाचेव्ह यांच्याकडे होता म्हणतात. मग मध्ये चेर्नेन्को कुठून आले?

उत्तर : आंद्रोपोव्ह यांची मूत्रपिंडं फेब्रुवारी 1983 मध्ये निकामी झाली, पुढे ते डायलिसिसवर होते. शरदात ते रुग्णालयात गेले ते परतलेच नाहीत. 7 नोव्हेंबरच्या संचलनालाही ते दिसले नाहीत. त्यांचे सहायक वोल्स्की यांनी पुढे सांगितलं, की मध्यवर्ती समितीच्या डिसेंबरच्या बैठकीसाठी पाठवलेल्या भाषणात कामकाज गोर्बाचेव्ह यांनी चालवावं असा मजकूर होता आणि वाटलेल्या प्रतींतून तो गाळला गेला. हा एका साक्षीदाराचा दावा आहे, तेवढंच वजन त्याला द्यावं.

दावा बाजूला ठेवला तरी गणित समजतं. फेब्रुवारी 1984 मध्ये आंद्रोपोव्ह वारले तेव्हा पंतप्रधान तिखोनोव्ह 78 वर्षांचे, संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह 75, परराष्ट्रमंत्री ग्रोमिको 74. पन्नाशीतला माणूस आला तर तो वीस वर्षं राहील आणि आपल्याला घरी बसवेल, हे त्यांना दिसत होतं. 72 वर्षांचे, फुप्फुसाच्या आजाराने दम लागणारे चेर्नेन्को कोणालाच हलवणार नव्हते. म्हणून ते निवडले गेले. ही निवड मला अक्षम्य वाटते. अफगाणिस्तानातलं युद्ध आणि शेतीची दुरवस्था समोर असताना आणखी तेरा महिने वाया गेले.

त्याची किंमत 24 फेब्रुवारी 1985 रोजी, निवडणुकीच्या दिवशी, सोव्हिएत टीव्हीवर दिसली. रुग्णालयातली खोली मतदान केंद्रासारखी सजवली होती. चेर्नेन्को यांना उभं करून हातात मतपत्रिका दिली, शेजारी ग्रिशिन. दोन आठवड्यांनी, 10 मार्चला ते वारले.

प्रश्न : नेता वारला की टीव्हीवर बॅले लागायचं, हे खरं का?

उत्तर : गंभीर संगीत आणि बदललेले कार्यक्रम, हे खरं. ब्रेझनेव्ह वारले तो 10 नोव्हेंबर 1982 हा पोलीस दिन, पण संध्याकाळचा ठरलेला जलसा रद्द झाला. तेवढ्यावरून लोकांनी ओळखलं. घोषणा दुसऱ्या दिवशी झाली.

प्रश्न : गोर्बाचेव्ह एका मताने निवडून आले असं वाचलं. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. 11 मार्च 1985 रोजी पॉलिटब्युरोत निवड एकमताने झाली. आदल्या रात्रीच बैठक बसली होती. दहा पूर्ण सदस्यांपैकी श्चेरबित्स्की अमेरिकेत होते, ते निर्णयापर्यंत पोहोचू शकले नाहीत. उस्तिनोव्ह डिसेंबरमध्येच वारले होते. ग्रोमिको यांनी आधीच मन बनवून नाव सुचवलं आणि मग विरोधात बोलण्यात कोणालाच अर्थ उरला नाही. 12 मार्चच्या ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्रात पहिल्या पानावर 54 वर्षांच्या गोर्बाचेव्ह यांचा फोटो आणि परिचय होता. चेर्नेन्को यांची मृत्युवार्ता आतल्या पानावर गेली होती.

पण खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असं नव्हे. जुलैमध्ये रोमानोव्ह पॉलिटब्युरोतून गेले आणि ग्रोमिको राष्ट्रप्रमुखाच्या मानाच्या पदावर बसवले गेले. सप्टेंबरमध्ये पंतप्रधानपदी तिखोनोव्ह यांच्या जागी रिझकोव्ह आले. डिसेंबरमध्ये ग्रिशिन यांचं मॉस्को पक्षप्रमुखपद गेलं, ते येल्त्सिन यांच्याकडे.