अमूर्त चित्रातल्या रंग-रेषा-आकारांचा अर्थ कसा लावायचा?

तुम्ही विचारलंय की गावच्या शाळेत मोबाईलवर चित्रकार सय्यद हैदर रझांचं काळ्या बिंदूचं अमूर्त चित्र (ज्यात ओळखीची वस्तू किंवा माणूस नसतो, नुसते रंग-रेषा-आकार असतात) दाखवलं, आता ‘काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग’ असा तक्ता कुठे मिळेल. असा तक्ता नाही, आणि असता तरी मी तो मुलांच्या हाती दिला नसता. रंग बोलतो तो शेजारच्या रंगामुळे. एकाच खाकी कागदाचे इंचभराचे दोन तुकडे कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. वाळल्या करड्या रानात पळस पेटल्यासारखा वाटतो. तीच फुलं झेंडूच्या ढिगात टाकली तर विझतात.

मग चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंगीत असताना भांडणारे लाल-हिरवे बरेचदा सारख्याच राखाडी छटेचे निघतात. म्हणजे तिथला ताण रंगाचा होता, उजेड-अंधाराचा नव्हता.

रेषा बोटाने हवेत गिरवायला लावा. ब्रशचे केस फाटून कोरडा पट्टा उमटलाय तिथे हात बहुधा वेगात होता. रंग साचलाय तिथे थांबला. धुऱ्याशी बैलजोडी वळते तिथे नांगराच्या तासाची सरळ रेघ मोडते आणि नजर तिथेच अडते. चित्रातही अशी मोडलेली जागा शोधा.

आकारासाठी प्रिंट काढा, बिंदूवर रंगीत कागदाची चकती ठेवा. नजरेला जाणवणारं वजन कुठे सरकलं? उरलेल्या जागेचा आकार कसा आहे?

रझांची माहिती यानंतर सांगा: जन्म 1922, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातलं बाबरिया, शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत. मन स्थिर व्हावं म्हणून गावच्या गुरुजींनी भिंतीवर बिंदू काढून दिला होता, असं ते स्वतः सांगत. हे आधी सांगितलं की मुलं चित्र पाहणं सोडून तेवढंच घोकतात.

नागपुरातच 1924 साली जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं मात्र मोबाईलवर दाखवू नका. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) चढवलेले, खरवडलेले थर स्क्रीनवर नुसता डाग होऊन बसतात. आणि फोनचा डोळ्यांना आराम देणारा मोड आधी बंद करा, पांढरं पिवळट दिसतं.

दोन मुलांनी दोन अर्थ सांगितले तर दोघांनाही चित्रातल्या जागेवर बोट ठेवायला सांगा. ज्याला जागा दाखवता येत नाही, त्याला पुन्हा दोन मिनिटं पाहू द्या.